इंजिनाला गारठवू नका



रब्बीचे दिवस आले की नदीकाठची ऑईल इंजिने पुन्हा बोलू लागतात. नांदेडकडे गोदावरीच्या काठी काय किंवा लातूरकडे मांजरेच्या काठी काय, आता विजेचे पंप पुष्कळ झाले. तरीही वीज दगा देते तेव्हा हरभऱ्याची वेळ सांभाळते ते हे इंजिनच.

मागे एका शेतावर गेलो होतो. मालकांनी पंपाच्या डिलिव्हरी पाइपाला जाड नळी जोडून इंजिनात धो धो पाणी सोडले होते. कौतुकाने म्हणाले, "साहेब, हात लावून बघा, दिवसभर चाललं तरी कसं गार हाय!" हात लावला. खरेच माठासारखे गार होते. "डिझेल किती लागतं?" असे विचारले, तर उत्तर घरच्या बाईंनी दिले. "ते तेवढं नका विचारू, साहेब. हरभरा आमचा अन् पैसा डिझेलचा."

गार ते चांगले, हा समज फार ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा धुराबरोबर जातो आणि तिसरा पाण्यावाटे निघतो. पाणी गरजेपेक्षा जास्त सोडले की कामाच्या हिश्श्यातली उष्णताही तेच ओढून नेते. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरते जळत नाही. काजळी धरते, न जळलेले डिझेल खाली उतरून ऑईल पातळ करते आणि लायनर व रिंगा लवकर झिजतात. म्हणजे आज डिझेलचा खर्च आणि उद्या मिस्त्रीचा.

यावर उपाय स्वस्त आहे. इंजिनात पाणी जाते त्या नळीवर एक लहान कॉक बसवा आणि पाणी बेताने सोडा. बाहेर पडणारे पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस असावे, म्हणजे बोट लागताच मागे घ्यावेसे वाटेल इतके कढत. इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. कॉक आत येणाऱ्या नळीवरच हवा. बाहेरची नळी कधीही बंद करू नका, नाहीतर पंपाचा सारा दाब इंजिनावर येईल. बाहेर पडलेले पाणी पाटात सोडा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरू नये.

काहींच्या इंजिनाला टाकी असते. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खालून आत येते, आणि पंपाशिवाय पाणी फिरत राहते. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या इंजिनातही पाणी फिरवायला पंप नव्हता. पण टाकीच्या या युक्तीला एक अट आहे. वरच्या नळीचे तोंड टाकीतल्या पाण्याखाली बुडालेले हवे, आणि ती नळी टाकीकडे चढती हवी. पाणी आटून तोंड उघडे पडले की फेरा तुटतो, आणि घटकाभरात पिस्टन जाम होतो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी टाकीत डोकावण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडची पुष्कळ विहिरींची पाणी जड आहेत. इंजिनाच्या आत क्षारांचा थर बसतो, तो उष्णता अडवतो. पाणी भरपूर असूनही इंजिन तापू लागले, तर मिस्त्रीकडून आतला भाग साफ करून घ्या. आणि इंजिन फार तापलेच, तर घाबरून वर थंड पाणी ओतू नका. हेड तडकते. इंजिन बंद करून आपोआप निवू द्या.

त्या शेतावर कॉक बसला. महिन्याभराने बाजारात बाई भेटल्या. म्हणाल्या, "साहेब, इंजिन आता गरम राहतं, पण आमचे मालक गार झाले!" डिझेलचा डबा पूर्वीपेक्षा जास्त पुरतो, असे त्यांनी हसत सांगितले.

आज शेतावर जाल तेव्हा आपल्या इंजिनातून बाहेर पडणारे पाणी पाहा. ते गार असेल, तर समजा की आपले डिझेल पाटाने वाहून जात आहे.