चित्रपटांतील संगीत कसें ऐकावें?

चित्रपट पाहून आलेल्या मुलास "कसा होता?" असें विचारिलें, तर तो नटांविषयीं बोलतो, मारामारीविषयीं बोलतो, फार झालें तर एखादें गाणें गुणगुणून दाखवितो. ज्या संगीतानें त्याला हंसविलें, रडविलें, क्वचित् भेडसाविलें, त्याची त्याला आठवणही नसते. संगीत म्हणजे कथेच्या अंगावरील दागिना, असला तर बरा, नसला तरी चालेल, असा आपला समज आहे. तो मला मान्य नाहीं. चांगल्या चित्रपटांत संगीत हें कथा सांगणारें दुसरें मुखच असतें.

चित्रें मुकीं होतीं त्या काळींही पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजविणारी मंडळी चित्रगृहांत असे. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढिला, आणि तेव्हांपासून गाणें कथेच्या पोटांतच शिरलें.

आपल्या टाकव्याजवळून जी इंद्रायणी वाहते, तिच्याच कांठीं पुढें देहू आहे. त्या देहूच्या संतावर प्रभातनें १९३६ सालीं 'संत तुकाराम' काढिला. त्याचें संगीत केशवराव भोळे यांचें. त्यांत विष्णुपंत पागनीस तुकोबांचे अभंग साध्या भजनी चालीनें गातात. आणि तुकोबांची कविता आपली म्हणून मिरविणारा सालोमालो ती नाटकी ढंगानें आळवितो. कोण खरा व कोण ढोंगी, हें सांगण्यास तेथें भाषण लागत नाहीं. शब्द उसने घेतां येतात, भाव घेतां येत नाहीं, हें आपला कानच ओळखतो.

पुढच्याच वर्षीं, १९३७ सालीं, शांतारामबापूंचा 'कुंकू' आला. संगीत पुन्हां भोळ्यांचेंच. परंतु रीत अगदीं निराळी. फसवून एका वृद्धाच्या गळ्यांत बांधलेल्या नीरेची ही कथा. तींत बाहेरून जोडलेलें पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. प्रसंगांतून जे आवाज सहज उठतील तेवढेच कानीं पडतात, आणि घरांतील जुन्या घड्याळाची टिकटिक त्या मुलीचा कोंडमारा आपल्या छातीवर आणून ठेविते. कोठें वाजवावें हें पुष्कळांस कळतें. कोठें वाजवूं नये हें कळणें ही खरी विद्या होय.

याच्या उलट टोंकाचें उदाहरणही आपल्या मावळाशीं नातें सांगतें. तळेगांव दाभाडे येथें वास्तव्य केलेले गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनीं १९७७ सालीं 'जैत रे जैत' दिग्दर्शित केला. ठाकर लोकांच्या जीवनावरील या चित्रपटांत ना. धों. महानोरांचीं गीतें व हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली एकामागून एक येतात. तीं गाणीं काढून टाकिलीं, तर कथेचा कणाच मोडेल.

आतां, एवढें कळून विद्यार्थ्यांस काय लाभ? लाभ मोठा आहे. संगीत मनास वळवितें, तसें फसवितेंही. जेथें लाज वाटावी अशा कृत्यावर ढोल-नगारे वाजवून टाळ्या मिळविलेल्या आपण पाहतों. अन्यायी मनुष्य डौलदार सुरांवर चालत आला कीं बाळगोपाळांस तोच वीर वाटतो. डोळ्यांनीं जें पटलें नसतें, तें कानांवाटे गुपचूप आंत शिरतें. ज्याचा कान जागा नाहीं, त्याचा न्याय दुसऱ्याच्या हातीं गेला असें समजावें.

कांहीं पालक सिनेमाचीं गाणीं घरांत वर्ज्य करितात. कांहीं मुलाच्या हातीं मोबाईल देऊन निश्चिंत होतात. दोन्ही मार्ग मला अपुरे वाटतात. मोबाईलवर गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकणाऱ्या मुलास चाल पाठ होते. ती कोणत्या दुःखांतून वा आनंदांतून उमटली हें त्यास ठाऊक नसतें. आणि बंदीनें तर कान तयार होतच नाहीं.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. सुटींत घरच्या मंडळींनीं एकत्र बसून एखादा चांगला चित्रपट पाहावा. त्यांतील एक प्रसंग प्रथम आवाज बंद करून पाहावा, मग डोळे मिटून नुसता ऐकावा, आणि शेवटीं दोन्ही मिळून अनुभवावा. नंतर मुलांस विचारावें, "येथें तुला काय वाटलें, आणि तें कोणीं वाटावयास लाविलें?" या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलेला मुलगा संगीताचा आनंद अधिक घेईल, आणि सहसा फसणार नाहीं.