जळलेल्या डोंगराचा फोटो कोणी काढायचा?

होळी जवळ आली की आमच्या शिक्रापूरच्या आसपास दोन गोष्टी हमखास दिसतात. माळावर पळस फुलतो, आणि रात्री जेवणं उरकून गच्चीवर गेलं की लांबच्या एखाद्या टेकडीवर लाल माळ पेटलेली दिसते. "वणवा लागलाय वाटतं," असं म्हणत कुणीतरी मोबाईल काढतं. फोटोत काळोख आणि मध्ये एक लाल रेघ. तो ग्रुपवर जातो, चार जणी रडका चेहरा टाकतात, एखादी "किती सुंदर दिसतंय ना!" असंही लिहून जाते. सकाळी डबे, शाळा, पाणी. टेकडी तिकडे काळी होऊन पडलेली असते, तिच्याकडे कोणी बघत नाही.

मैत्रिणींनो, या फोटोचं पुढे काय होतं, याचा कधी विचार केलाय? मी गेली काही वर्षं बातम्यांमधले वणव्याचे फोटो मुद्दाम बघते आहे. माझं मत असं झालंय की ज्वाळांचा फोटो सगळे काढतात, राखेचा कोणी काढत नाही. आणि कामाचा असतो तो राखेचा.

आगीचा फोटो मनाला भिडतो, यात वाद नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात ६ ऑगस्ट २००० रोजी जॉन मॅकॉल्गन नावाच्या माणसाने एक फोटो काढला. तो वणव्याचा अभ्यास करणारा सरकारी कर्मचारी होता. नदीच्या पात्रात दोन एल्क हरणं उभी आहेत आणि मागचं सगळं जंगल पेटलेलं आहे. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, तरी ई-मेलवरून तो फोटो जगभर फिरला. तो खरा होता, जागेवर काढलेला होता. पण नंतरच्या काळात फोटो फिरण्याचा वेग वाढला आणि खरेपणाची चौकशी मागे पडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनचं जंगल जळत होतं, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी जो फोटो टाकला तो लॉरेन मॅकिन्टायर या छायाचित्रकाराचा होता. हा गृहस्थ २००३ मध्येच वारला होता! म्हणजे जंगल आत्ताचं, फोटो जुना. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपचं काय सांगावं?

आपल्या देशातली गोष्ट तर जास्त बोलकी आहे. मे २०२० मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, उत्तराखंड जळतंय म्हणून फोटोंचा पूर आला. होरपळलेले प्राणी, आभाळापर्यंत ज्वाळा. तेव्हाचे तिथले मुख्यमंत्री त्रिवेंद्रसिंह रावत यांना जाहीरपणे सांगावं लागलं की हे फोटो २०१६ आणि २०१९ चे आहेत, काही तर चिली आणि चीनमधले आहेत. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, उत्तराखंडात खरोखरच मोठे वणवे लागले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्यासाठी बोलवावी लागली. आदल्या वर्षी खोट्या फोटोंवर रडून झालेल्या माणसाला या वेळचे खरे फोटो बघून काय वाटलं असेल? "असेल कुठलं तरी जुनं," असंच ना? लांडगा आला रे आला, दुसरं काय.

आता आपल्या भागाकडे येऊ. शिरूर-दौंडमध्ये जंगल म्हटलं तर सह्याद्रीसारखं घनदाट काही नाही. आपल्याकडे आहेत माळ, गायरानं, बाभळी-बोरींच्या टेकड्या, कमरेएवढं वाळलेलं गवत. बाहेरच्या माणसाला ती पडीक जमीन वाटते. पण टिटवी, चंडोल, तित्तर हे पक्षी उन्हाळ्यात तिथेच, उघड्या जमिनीवर अंडी घालतात. शेजारी बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा हरणं त्या गवतावरच जगतात. अशा माळाला आग लागली की झाडं पडल्याचा आवाज होत नाही, धुराचे लोट पुण्यापर्यंत दिसत नाहीत. तासाभरात गवत जळून जातं. म्हणूनच त्याची बातमी होत नाही.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. आपला ऊस जळाला तर आपण काय करतो? लगेच फोटो काढतो. तारांची ठिणगी पडली असेल तर खांब, तार, फड सगळं फोटोत येईल असं बघतो. तलाठ्याला बोलावतो, पंचनामा करून घेतो, कारखान्याच्या मागे लागतो, कारण जळक्या उसाला कपात बसते हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. घरातल्या बाईलाही ठाऊक असतं. मग गावाचं गायरान जळलं तर पंचनामा कोणी मागायचा? ते गायरान सगळ्यांचं, म्हणून कोणाचंच नाही!

आणि ऊस तरी एकटा कुठे जळतो? एप्रिल २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात उसाच्या फडाला लावलेल्या आगीत बिबट्याची पाच पिल्लं जळून मेली. त्यांचे फोटो पेपरात आले, टीव्हीवर आले, लोक हळहळले. पण पुढच्या हंगामात पाचट पेटवायचं थांबलं का? बांधावरून आग पलीकडच्या माळावर जायची थांबली का? तुम्हीच आजूबाजूला बघून सांगा. फोटोने आपल्याला पिल्लं दाखवली. काडी ओढण्याआधी फड का तपासला नाही, पाचट न जाळता कुजवायला त्या शेतकऱ्याला काय अडचण होती, हे फोटोत मावत नाही. ते विचारावं लागतं.

जे मावत नाही त्यात अजून एक आहे, आणि ते आपण बायकांनी तरी विसरू नये. जळलेल्या टेकडीचा फोटो काढायला माणूस गेला की त्याला तिथे कोण भेटतं? सरपणाची मोळी घेतलेली एखादी म्हातारी, नाहीतर मेंढरं घेऊन निघालेलं धनगराचं कुटुंब. काळ्या राखेतून चाललेली लाल लुगड्यातली बाई, फोटो म्हणून झकास दिसतो. छापून आला की वाचणाऱ्याच्या मनात मात्र हिशेब होऊन जातो, "हिनेच लावली असणार." एक शब्द न लिहिता ती बाई गुन्हेगार ठरते. प्रत्यक्षात आग कोणी लावलेली असते? कधी घाटात गाडी थांबवून सिगारेट फेकणाऱ्याने, कधी कचरा पेटवणाऱ्या हॉटेलवाल्याने, कधी बांध जाळणाऱ्या शेतकऱ्याने, कधी जमीन मोकळी करून हवी असलेल्या माणसाने. आपल्या देशात बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात, हे सरकारही सांगतं. पण यातलं कोणी दुसऱ्या दिवशी राखेत फोटोसाठी उभं राहत नाही. गवत जाळलं की पावसाळ्यात जोमानं येतं, असं मानून पेटवणारेही आहेत, नाही असं नाही. माळावरची काही गवतं अधूनमधून लागलेली आग सोसतातही. पण दरसाल सगळी टेकडी जाळली की रोपं मरतात, पालापाचोळा जातो, जमीन उघडी पडते आणि पहिल्याच वळवाच्या पावसात माती ओढ्याला लागते. हे त्यांच्याशी बसून बोलायचं काम आहे. चेहरा छापून ते होत नाही.

याउलट एक फोटो सांगते. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात भयंकर वणवे लागले होते. तेव्हा जो-ॲन मॅकआर्थर ही कॅनडाची छायाचित्रकार तिथे गेली. व्हिक्टोरिया राज्यात मॅलाकूटा गावाजवळ जळून गेलेली निलगिरीची लागवड होती. त्या काळ्या खोडांमध्ये पिल्लू पोटाशी घेतलेली कांगारू मादी कॅमेऱ्याकडे बघते आहे, असा तिचा फोटो आहे. ज्वाळा नाहीत, रक्त नाही. आग होऊन गेल्यावर काय उरतं, ते दिसतं. मला तो फोटो एवढ्यासाठी आवडतो की ही बाई आग बघायला गेली नव्हती, आगीनंतर गेली होती.

आता कोणी म्हणेल, हल्ली तर उपग्रहावरून सगळं दिसतं, आपल्या मोबाईलची काय मातब्बरी? खरं आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आगी टिपते आणि वनखात्याला मोबाईलवर संदेश पाठवते. आपल्यासारख्यांनाही तिच्याकडे नाव नोंदवून हे संदेश मिळवता येतात. पण उपग्रह काही चोवीस तास आपल्या डोक्यावर उभा नसतो. तो जाईल त्या वेळी आग चालू हवी. त्याच्या चित्रातला एक ठिपका साधारण पावणेचारशे मीटर लांब-रुंद जागेचा असतो. दुपारी एकला पेटलेलं आणि अडीचला विझलेलं गवत त्यातून निसटू शकतं. शिवाय वनखात्याच्या हद्दीबाहेरच्या गायरानाला तो संदेश लागू पडेलच असं नाही. म्हणून गावातून काढलेल्या फोटोला किंमत आहे.

पण तो फोटो पंचनाम्यासारखा हवा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा, म्हणजे जागा आणि वेळ फोटोबरोबर नोंदली जाते. एक फोटो लांबून, त्यात ओळखीची खूण हवी: देऊळ, पाण्याची टाकी, विजेचा खांब, काहीही. एक फोटो जिथे जळलेलं संपतं आणि न जळलेलं सुरू होतं तिथला. आग कुठवर आली हे त्यावरूनच कळतं. वनखात्याने लावलेली रोपं जळली असतील तर तीही घ्या, आणि जाळरेषा काढली होती की नव्हती हेही. जाळरेषा म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून उन्हाळ्याआधी गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. तो दिसत नसेल तर "पट्टा का काढला नाही?" हा साधा प्रश्न फोटोच्या जोरावर ग्रामसभेत विचारता येतो. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची नोंद निघून जाते. हे मला माझ्या भाचीने शिकवलं. आपल्या पोरी या बाबतीत आपल्या गुरूच आहेत.

पेटत्या डोंगरावर मात्र फोटोसाठी कोणीही जाऊ नये, हे अगदी कळकळीने सांगते. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेले लोक वाळल्या गवताच्या वणव्यात सापडले. तेवीस जण गेले, त्यात बायका बऱ्याच होत्या. आग चढावर आपल्या पळण्यापेक्षा वेगाने चढते, कारण तिची धग वरचं गवत आधीच तापवून ठेवते. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या नागझिऱ्यात ८ एप्रिल २०२१ रोजी वणवा विझवणारे तीन मजूर जळून मेले. ती तर जंगलात वावरणारी माणसं होती. आपण जागच्या जागी राहून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, पोलीस पाटलांना सांगायचं. जंगलात गुरं चारायचा किंवा सरपण न्यायचा हक्क असलेल्यांनी आगीची खबर द्यायलाच हवी, असं १९२७ चा वन कायदाच सांगतो. तेव्हा फोन केला म्हणून कुणी "तुम्हाला काय पडलंय?" असं विचारलं, तर हे उत्तर तयार ठेवा.

एक फोटो अजून राहिला. जूनमध्ये पाऊस झाला की महिन्याभरात टेकडी हिरवीगार होते. जळल्याचं कोणाला सांगूनही पटत नाही आणि कागदावर "नुकसान किरकोळ" असं लिहायला सगळे मोकळे होतात. म्हणून जुलैत एकदा, त्याच जागेवरून, तीच खूण फोटोत येईल असा दुसरा फोटो काढायचा. हिरवं दिसेल, पण नीट बघा. मार्चमध्ये जी हातभर उंचीची रोपं होती, ती त्या हिरव्यात आहेत का? ओढ्याचं पाणी कोणत्या रंगाचं आहे? दोन्ही फोटो शेजारी ठेवून, मागे तारीख लिहून एका पाकिटात घाला. आमच्या बचतगटातल्या तिघी यंदापासून हे करणार आहेत. पाकीट कोणाच्या घरी ठेवायचं यावर अजून वाद चालू आहे.