अबू सिंबेलला एक रात्र

पुण्याचा पुतण्या आणि सूनबाई येत्या फेब्रुवारीत इजिप्तला निघालेत, आणि काका-काकूंनीही बरोबर यावं असा त्यांचा आग्रह आहे. त्यानं पाठवलेला आठ दिवसांचा कार्यक्रम मी लाल पेन घेऊन वाचला. (जन्मभर वह्या तपासल्या, सवय जात नाही.)

कैरो, पिरॅमिड, लक्झर, मग नाईलमधून बोटीनं अस्वान. इथपर्यंत ठीक. सातव्या दिवशी मात्र लिहिलंय, "पहाटे चारला निघून अबू सिंबेल, दुपारी परत." अस्वानहून अबू सिंबेल सुमारे 280 किलोमीटर. म्हणजे आमच्या पांढरकवड्याहून नागपूरला जाऊन परत यावं जवळजवळ तितकं, आणि तेही एका बाजूचं. जाताना अंधार, येताना डुलक्या. सगळा रस्ता वाळवंटातून जातो आणि वाळवंट कुणी बघतच नाही! देवळापाशी जेमतेम दोन तास. माझं म्हणणं असं की बाकी काहीही कापा, पण तिथे एक रात्र राहा.

मुलाला 22 फेब्रुवारीच गाठायची आहे. त्या दिवशी आणि 22 ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात पोचतात. आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखंच. पण त्या दिवशी तिथे जत्रा असते. आमच्या केळापूरच्या जगदंबेला नवरात्रात किती गर्दी असते ते बघत आलोय. चार दिवस आधी जावं.

खरं कारण वेगळं आहे. हे देऊळ मुळात त्या जागी नव्हतंच. 1960 साली अस्वानच्या मोठ्या धरणाचं काम सुरू झालं, रॅमसेसची सव्वातीन हजार वर्षांची देवळं बुडणार म्हणून युनेस्कोनं जगाला हाक दिली. 1964 ते 1968 या काळात डोंगर कापून, हजाराहून जास्त तुकडे करून, दोन्ही देवळं सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेऊन जशीच्या तशी उभी केली. बुडणाऱ्या प्रदेशात उत्खननासाठी आपल्या पुरातत्त्व खात्याचं पथकही बी. बी. लाल यांच्याबरोबर गेलं होतं. कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण त्याच पाण्याखाली नूबियन लोकांची गावं गेली. इजिप्तच्या बाजूची सुमारे 50 हजार माणसं 1963-64 मध्ये हलवली ती कोम ओम्बोजवळ, त्यांच्या नदीकाठापासून दूर. गंमत बघा, आमच्या कार्यक्रमात कोम ओम्बो आहे! बोट थांबते, मगरीच्या देवाचं देऊळ दाखवतात, बोट निघते. शेजारच्या वसाहतींचा उल्लेख नाही. अस्वानला 1997 साली उघडलेलं नूबियन संग्रहालय आहे, तेही नाही.

बहीण म्हणाली, "दादा, तू फिरायला चाललास की भाषण करायला?" तिला काय सांगू? त्याच 1997 साली आमच्या जिल्ह्यात निम्न पैनगंगा धरणाला मंजुरी मिळाली. यवतमाळ-नांदेडच्या बुडणाऱ्या गावांतले लोक तेव्हापासून विरोध करताहेत. माझे कितीतरी विद्यार्थी त्या बाजूचे. आणि लाभक्षेत्रात आमच्या केळापूर तालुक्याचं नाव आहे. कापसाला पाणी नको असं इथला कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. म्हणूनच देवळाचे दगड नंबर घालून हलवणाऱ्यांनी माणसं कशी हलवली, हे मला त्या जागी जाऊन बघायचंय. पुन्हा जाणं या वयात काही व्हायचं नाही.

तेव्हा लाल पेनानं केलेले बदल असे. कैरोतली अत्तराची आणि पपायरसची दुकानं रद्द, तिथला अर्धा दिवस वाचला. अस्वानला संग्रहालयासाठी एक सकाळ. मग उजेडात, खिडकीशी बसून अबू सिंबेल, तिथे मुक्काम, आणि सकाळी अस्वानच्या गाड्या यायच्या आत देवळासमोर. एक दिवस वाढतो, खर्चही वाढतो. तो माझ्या पेन्शनमधून.

सौ.ला हे सगळं मान्य आहे. तिची अट एकच, बोटीवर रात्री वरणभात मिळतो का ते पुतण्यानं आधी विचारून घ्यावं.