वाडे आणि वारस

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे आणि पाबळ ही गावे आपण ओळखतो ती ढमढेरे सरदारांच्या आणि मस्तानीच्या नावाने. वास्तूंकडे मात्र कोणी पाहत नाही. घडीव पाषाणाचे जोते, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, दिंडीदरवाजा, परक्याची नजर थेट माजघरात पोहोचू नये म्हणून वळण घेणारी देवडी, आणि सुरूच्या घाटाच्या सागवानी खांबांवर तोललेली तख्तपोशी, अशी ही सरदारी वाड्याची रचना संरक्षण आणि संसार यांचा मेळ एकाच नकाशात घालते.

अशा वास्तू कशा राखाव्यात, याचे उदाहरण इंग्लंडात आहे. तेथे १८९५ साली वारसा जपणारा नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९३७ च्या कायद्याने उमरावांची ग्रामीण निवासस्थाने, मूळ कुटुंबास तेथेच राहू देऊन, त्याच्या हवाली करण्याची तजवीज झाली. महाराष्ट्राचा स्मारकांचा कायदा १९६० चा. परंतु अनेक वारसांच्या सामाईक वहिवाटीत अडकलेल्या नांदत्या वाड्यास त्याचा आधार तो किती?

शिरूर आणि शेजारच्या दौंड तालुक्यातील प्रत्येक जुन्या वाड्याचे मोजमाप व नकाशे सरकारने दप्तरी घ्यावेत आणि डागडुजीसाठी वारसांस सालिना रक्कम द्यावी. तोवर नक्षीदार खांब विकणाऱ्या वारसास बोल लावण्याचा अधिकार आम्हा शहरवासीयांस नाही, कारण ते खांब बहुधा आमच्याच दिवाणखान्यांत येतात.