हळद, बॅटरी आणि पोटातले बाळ

घरात सून किंवा लेक गरोदर राहिली की सल्ले देणाऱ्यांना तोटा नसतो. पपई खाऊ नको, हंडे उचलू नको, ग्रहणात चाकू धरू नको. यातले काही योग्य, काहींना कसलाच आधार नाही. पण 'नवऱ्याचे कामावरचे कपडे तू झटकू नको' असे गरोदर बाईला कुणी सांगितलेले आम्ही अजून ऐकले नाही. आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.

राहुरी म्हटले की ऊस, मुळा धरण आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ आठवते. शिसे आठवत नाही. पण शेतीला ट्रॅक्टर लागतो, ट्रॅक्टरला बॅटरी लागते आणि बॅटरीच्या पोटात शिसे असते. जुनी बॅटरी फोडणारा, भंगार निवडणारा, गॅरेजात काम करणारा, जुना रंग खरवडून नवा देणारा, भांड्यांना डाख देणारा माणूस आपल्याच वस्तीतला असतो. संध्याकाळी तो घरी येतो, तेव्हा कपड्यांवर आणि केसांत शिशाची धूळ घेऊन येतो. तिला वास नाही, चव नाही. ती हातावरून भाकरीवर आणि भाकरीवरून पोटात जाते.

शरीर शिशाला चुन्यासारखे, म्हणजे कॅल्शियमसारखे समजते आणि हाडांत साठवून ठेवते. तेथे ते वर्षानुवर्षे राहते. पुढे बाई गरोदर राहते. बाळाची हाडे घडवायला कॅल्शियम हवे असते. ते आहारातून कमी पडले की आईच्या हाडांतून काढले जाते आणि त्याबरोबर जुने शिसेही सुटते. म्हणजे जी मुलगी लहानपणी भंगारात खेळली, तिचे त्या वेळचे शिसे तिच्या बाळापर्यंत पोहोचू शकते. वार त्याला अडवत नाही. आईच्या रक्तात जेवढे शिसे, जवळजवळ तेवढेच नाळेच्या रक्तात सापडते. त्याने गर्भपाताचा धोका वाढतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते, बाळ कमी वजनाचे जन्मते. मेंदू घडत असतानाच मार बसल्यामुळे पुढे शिकणे, लक्ष लागणे, समजणे यांत मूल मागे पडते. असे मूल शाळेत मागे राहिले की आपण त्याला 'ढ' म्हणतो आणि आईच्या नशिबाला बोल लावतो. नशिबाचा येथे काही संबंध नाही.

वार बाळाला विषापासून वाचवते, असे एके काळी डॉक्टरही मानत. जपानमधील मिनामाता गावाने हा समज खोटा ठरवला. तेथील कारखान्याने पारा समुद्रात सोडला, तो माशांत गेला, मासे माणसांनी खाल्ले. १९५६ साली हा आजार उजेडात आला. ज्या आयांना फारसा त्रास दिसत नव्हता, त्यांच्या पोटी गंभीर अपंगत्व असलेली मुले जन्मली. आईने झेललेले विष बाळाच्या वाट्याला आले होते. १९६२ साली हा आजार जन्मजातही असतो, हे अधिकृतपणे मान्य झाले.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. बांगलादेशातील खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे जास्त का, याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला. त्या बायका कारखान्यात जात नव्हत्या. शोध हळदीपाशी येऊन थांबला. हळकुंड पिवळेधमक दिसावे म्हणून त्याला लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चोळला जात होता. २०१९ साली सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना सावध केले. त्या वर्षी बाजारातल्या हळदीच्या शंभरातल्या ४७ नमुन्यांत शिसे सापडले होते. २०२१ साली एकातही सापडले नाही. आपल्या देशातही २००० सालापासून पेट्रोलमधले शिसे बंद झाले आणि त्यानंतर मुंबईतील मुलांच्या तपासण्यांत रक्तात जास्त शिसे असलेल्यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा बरेच खाली आलेले दिसले. मनावर घेतले तर हे विष हटते, याचा हा पुरावा आहे.

मग आपण काय करावे? कामावरून आलेल्या माणसाने बाळंतिणीच्या किंवा गरोदर बाईच्या जवळ जाण्याआधी साबणाने हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत. ते कपडे वेगळे ठेवून वेगळे आणि शक्यतो त्यानेच धुवावेत. घरात किंवा अंगणात बॅटरी फोडणे, शिसे वितळवणे पूर्ण बंद करावे. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. चुलीत रंगवलेले लाकूड घालू नये. कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्यावी. शिसे मिसळलेल्या कल्हईच्या भांड्यात आंबट पदार्थ तर मुळीच नको. फार चकचकीत हळकुंड घेऊ नये. डोहाळ्यांत माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली तर लाजू नये, नर्सबाईंना सांगावे. अशा मातीतूनही शिसे पोटात जाते आणि ती ओढ पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याची खूण असते.

नाचणी, तीळ, दूध, शेवग्याचा पाला आहारात असावा. लोह आणि कॅल्शियम कमी पडले तर शरीर शिसे जास्त शोषून घेते. म्हणून उपकेंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या कोनाड्यात ठेवू नका, खा. मात्र दोन्ही एकाच वेळी घेऊ नका; मध्ये दोन तास जाऊ द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तेथे घरातल्या माणसांचे काम कोणते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तातले शिसे नेहमीच्या तपासणीत पाहिले जात नाही. सांगितल्याशिवाय ते कुणाच्या लक्षात येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार शंभर मिलिलिटर रक्तात पाच मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी ते कुठून आले हे शोधायला हवे. त्याहून कमी असले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. आणि या भीतीने अंगावरचे दूध कुणी आपल्या मनाने तोडू नये.

एवढे सगळे त्या एकट्या बाईवर टाकून मोकळे होणे मात्र आम्हाला मान्य नाही. कारखान्यात राबणाऱ्या बाईला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. तेव्हा प्रश्न विश्रांतीचा होता, आज विषाचाही आहे. भंगाराच्या मालकाने हातमोजे, धुण्याला पाणी आणि कपडे बदलायला जागा दिली पाहिजे. ती मागायला पुरुषांनी पुढे व्हावे. घरी येणारी मजुरी बाळासाठीच असते. तिच्याबरोबर विष येऊ नये, एवढी काळजी बापानेही घ्यावी.