शस्त्रक्रियेपूर्वीचा एक प्रश्न

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज घरोघरी रूढ आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी कारण सांगितले ‘स्लीप अ‍ॅप्निया’. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होणे, हा तो विकार. भुलीची व काही तीव्र वेदनाशामक औषधे ही शिथिलता वाढवतात. म्हणून अशा रुग्णास शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री अधिक जोखमीच्या असतात.

ही जोखीम आधीच ओळखण्यासाठी कॅनडातील भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची चाचणी मांडली. घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबणे, रक्तदाब, स्थूलता, पन्नाशीपुढील वय, मानेचा घेर आणि पुरुष असणे, यांपैकी पाच वा अधिक उत्तरे होकारार्थी आल्यास दक्षता वाढवावी लागते.

यातील श्वास थांबण्याचे उत्तर रुग्णाला स्वतःला क्वचितच ठाऊक असते. ते शेजारी निजणाऱ्यालाच माहीत. तालुक्याच्या गावाहून नांदेड-लातूरला शस्त्रक्रियेसाठी जाताना सोबत मुलगा जातो, पत्नी घरीच राहते. भूलतज्ज्ञांच्या तपासणीला तिलाही अवश्य न्यावे. सीपॅप यंत्र वापरात असल्यास तेही न्यावे. तिचे एक वाक्य पुढची सारी दक्षता ठरवू शकते.