गोंगाटाला लॉसलेस कशाला?

"एवढा गोंगाट! तो एमपी३मध्ये ऐकला काय नि लॉसलेसमध्ये ऐकला काय!" असं पुण्याकडचे मित्र मला सुनावतात. इकडे जपानात उलटी जमात भेटते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ हे आकडे दिसल्याशिवाय यांचे कानच उघडत नाहीत. माझं भांडण दोघांशीही आहे.

'हादाका नो रारीझू' हा बँड घ्या. १९६७ साली क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात मिझुतानी ताकाशीने काढलेला. गिटारच्या फीडबॅकची भिंत, एकेक गाणं संपता संपत नाही. स्टुडिओत बसून अल्बम करणं यांना मानवलंच नाही. १९९१मध्ये तीन सीडी निघाल्या, बाकी बहुतेक चाहत्यांनी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेलं. दर नकलेत खरखर वाढली, वरचे स्वर बुजले. आता असल्या चौथ्या हातच्या नकलेची २४ बिट फ्लॅक करून लोक मिरवतात. नासलेलं दूध चांदीच्या पेल्यात ओतलं म्हणून काय बासुंदी होते?

मिझुतानी २०१९मध्ये गेला. २०२२मध्ये 'द ओझ टेप्स' आला, १९७३च्या मूळ टेपांवरून, बँडमधल्याच जुन्या साथीदाराने, कुबोता माकोतोने, मास्टर केलेला. तो ऐका. त्याच गोंगाटाखाली बास गिटार स्वतंत्र चालताना ऐकू येते.

म्हणजे मुद्दा कानाचा कमी नि नकलेचा जास्त. ३२० केबीपीएसचा चांगला एमपी३ आणि सीडी यांतला फरक डोळे बांधून भल्याभल्यांना सांगता येत नाही, हे कबूल. पण 'हे कानाला कळणार नाही' असं ठरवून एमपी३ काही भाग फेकून देतो, आणि त्याचा पुन्हा एमपी३ केला की पुन्हा फेकतो. कॅसेटचाच जुना रोग! फ्लॅकची शंभरावी प्रत मात्र पहिलीसारखीच, एका बिटाचाही फरक नाही.

आणि म्हणूनच आपल्याकडचं 'ऐकू येतंय ना? मग झालं!' मला चीड आणतं. खासगी मैफलींच्या स्पूल नि कॅसेटी किती मराठी घरांत पडून आहेत! त्या १२८ केबीपीएसवर उतरवायच्या (सीडीचे १४११, म्हणजे अकरावा हिस्सा) आणि मूळ टेप भंगारवाल्याला द्यायच्या. तासाभराच्या मैफलीची फ्लॅक साधारण तीन-चारशे एमबी. लग्नाच्या व्हिडिओला आपण याच्या कितीतरी पट जागा देतो राव! फोनसाठी एमपी३ खुशाल करा, पण आधी फ्लॅक करा, त्यातून करा. टेपही ठेवा.

माझ्या माहितीतल्या एका घरातून असा अख्खा खोका गेला. १२८ची एक सीडी उरली आहे, तीही हल्ली मध्येच अडकते.